पहिल्या रविवारची भोवळ

माझी थोरली बहीण महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये भोवळ येऊन पडत असे. बाकीच्या रविवारी ती त्याच बाकावर, त्याच खिडकीशेजारी बसे आणि तिला काहीही होत नसे. आठवड्याच्या इतर दिवशी ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात दिवसभर उभ्याने कापड बेतत आणि कापत असे. तिथेही ती कधी पडली नाही.

पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. पाळकसाहेब भाकर मोडतात, द्राक्षरसाच्या इवल्या पेल्यांचे तबक बाकाबाकावरून फिरते आणि प्रत्येक जण आपला पेला उचलतो. तबक फिरू लागण्याच्या सुमारास ताई घामाने निथळू लागे. हात थरथरत, शब्द अडखळत आणि ती शेजारणीच्या खांद्यावर कलंडे. मग पाळकसाहेबांच्या पत्नी तिला बाजूच्या खोलीत नेत, साखरपाणी पाजत, आणि चारदोन बायका तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करीत. थोड्या वेळाने ती उठून बसे. श्रेय प्रार्थनेला मिळे.

माझा व्यवसाय मोडलेल्या वस्तू तपासण्याचा आहे. एखाद्या यंत्राचा दांडा तुटला की त्याचे तुकडे आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि तो का तुटला हे मला सांगावे लागते. चर्चला जाणे मी तरुणपणीच सोडले. घरात मला ‘थोमा’ म्हणतात, येशूच्या शंका घेणाऱ्या त्या शिष्यावरून. ताई विधवा होती आणि तिची एकुलती मुलगी तिच्याजवळ राहत होती, त्यामुळे विचारपूस करायला मी वरचेवर जात असे.

ताईला कारण आधीच सापडलेले होते. बायबलात प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला बजावले आहे, की जो अयोग्य रीतीने ही भाकर खातो तो स्वतःवर न्याय ओढवून घेतो. त्या मंडळीत पुष्कळ जण दुबळे आणि आजारी का आहेत, काही जण मेले का, याचेही कारण तो तेच देतो.

“सगळे खातात, पितात आणि उभे राहून गीत म्हणतात,” ती म्हणाली. “भाकर तीच, रस तोच, पाळक तेच. मग फरक कुठेय? माझ्यातच ना?”

या तर्कात खोट काढायला जागा नव्हती. हाताखालच्या मुलांना मी हेच शिकवतो.

“हवा कोंदट असेल,” मी म्हणालो.

“बाकीच्या रविवारी काय छप्पर काढून ठेवतात?”

“डॉक्टरांना दाखवलंस का?”

“मागच्या खेपेला चर्चमधूनच नेलं होतं. रक्तात साखर जास्त निघाली, म्हणून गोळी वाढवून दिली. गेल्या वर्षी चालू झालीय ना, तीच. म्हणाले, काही झालं तरी चुकवायची नाही. मी नाही रे चुकवत.”

“मामा, तूच ये एकदा,” भाची म्हणाली. ती चर्चच्या गायकवृंदात गाते. “लोखंड घेतोस भिंगाखाली, तसं घे आईला.”

“हा चर्चला आला तर ख्रिस्ताचं पुनरागमन जवळ आलं म्हणून समजा,” ताई म्हणाली आणि आम्ही तिघेही हसलो.

मी गेलो. दारातल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी माझा हात जरुरीपेक्षा जास्त वेळ हातात धरून ठेवला. मी मागच्या बाकावर बसलो. खिडक्या उघड्या होत्या. उभे राहणे फारसे नव्हते. ताईचे केस नीट विंचरलेले होते, चेहरा टवटवीत दिसत होता. तबक अजून तिच्यापासून दूर असतानाच तिच्या मानेवर घाम दिसू लागला आणि भाकर तोंडात जायच्या आत ती कलंडली. म्हणजे भाकर आणि रस निर्दोष होते. उरलेल्या शक्यतांत मला एकच सरळ दिसली, ती मी तिला संध्याकाळी सांगितली.

“म्हणजे मी नाटक करते?”

“नाटक नाही म्हटलं. भीती. भीतीनंही घाम फुटतो, चक्कर येते.”

“भीती वाटायलाच हवी, थोम्या. न भिता जो तिथे जातो, त्यालाच तर पौल बोलतोय.”

पाळकसाहेब सरळ माणूस होते. ताईने शास्त्राभ्यासाच्या वर्गात, सगळ्यांसमोर, त्यांना विचारले की माझे पाप कोणते ते मला कसे कळेल. त्यांनी सांगितले, की त्या उताऱ्याचा संदर्भ वेगळा आहे. करिंथमध्ये सधन लोक आधी येऊन पोटभर जेवत आणि कामकरी लोक येईपर्यंत काही उरत नसे. पौलाचा राग त्यावर आहे.

“बाई, तुम्ही कुणाला उपाशी ठेवलंय का?” त्यांनी हसत विचारले. “नाही ना? मग निश्चिंत या.”

पण आश्वासन म्हणून केलेला तो प्रश्न तिने प्रश्न म्हणूनच घेतला. कुणाला आपण काय नाकारले, याचा ती शोध घेऊ लागली. कारखान्याच्या मालकिणीकडे जाऊन तिने वर्षानुवर्षे घरी नेलेल्या चिंध्यांबद्दल क्षमा मागितली. मालकीण म्हणाली, “त्या तर आम्ही फेकतो हो,” आणि पुढचे काही दिवस तिच्याकडे जरा काळजीने पाहत राहिली. शेवटी ताई आपल्या धाकट्या जावेपाशी येऊन थांबली. सासूच्या शेवटच्या आजारपणात ही जाऊ क्वचितच येई, आणि ताईने तिला चारचौघांत ऐकवले होते की पाहुणीसारख्या येता, पाहुणीसारख्या जाता. तेव्हापासून येणेजाणे तुटल्यासारखेच होते.

भाचीला बरोबर घेऊन ती जावेकडे गेली. काय झाले ते मला भाचीने सांगितले.

“जाऊबाई, ते तुम्ही अजून धरून बसलात?” जाऊ म्हणाली. “मी तर घरी पोचेपर्यंत विसरले होते. आणि तुम्ही नाही बोलायचं तर कुणी? सगळं तर तुम्हीच उपसत होतात.”

दोघी गळ्यात गळा घालून रडल्या, एका ताटात जेवल्या. परत येताना ताई वाटभर गुणगुणत होती. पुढच्या पहिल्या रविवारी ती पुन्हा पडली.

त्यानंतर तिने प्रभुभोजन घेणे थांबवले. चर्चला जाई, पण तबक हातात आले की तसेच पुढे देई. त्या महिन्यांत तिला एकदाही भोवळ आली नाही. भोजन नाही तर पडणे नाही, यावरून तिचा निष्कर्ष पक्का झाला. माझाही झाला, कारण भोजन नाही तर भीतीही नाही. एकाच निरीक्षणातून आम्ही भावंडांनी दोन वेगळी उत्तरे काढली आणि दोघेही आपापल्या जागी समाधानी राहिलो.

समाधानी हा शब्द तिच्या बाबतीत बरोबर नाही. ती खंगत चालली होती. कारखान्यात तिने मापे चुकवली, हे यापूर्वी कधी घडले नव्हते. एकदा मी तिला नेहमीप्रमाणे समजावू लागलो, की एक पेला नाही घेतला तर एवढे काय बिघडते.

“तुला नाही कळायचं,” ती म्हणाली. “आपल्याच घरात पंगत बसलीय, आपलंही ताट मांडलंय, आणि आपण मात्र उंबऱ्याबाहेर उभं राहून वाढणं बघायचं. बोलावतंय सगळं घर, आणि आत पाऊल टाकायची चोरी. हे बिघडतं.”



मग एका शनिवारी तिचा फोन आला.

“उद्या मी घेणार आहे,” ती म्हणाली. “खूप विचार केला. न्याय तर न्याय. त्याच्या हातचा मार खाईन, पण त्याच्या पंगतीतून उठणार नाही.”

“सावकाश घे. घाबरल्यासारखं वाटलं तर खाली बस.”

“घाबरत नाही रे आता. तू जेवलास का?”

जेवलो, म्हणालो.

रविवारी सकाळी भाची गाण्याच्या सरावासाठी लवकर निघाली. निघताना ताईने तिला खायला घातले आणि म्हणाली, “तू आटप, माझं मी बघते.” उपासना सुरू झाली तरी खिडकीशेजारची जागा रिकामीच होती. भाची गाणे अर्धवट टाकून घरी धावली. ताई पुढच्या खोलीत जमिनीवर होती. ठेवणीतली साडी नेसलेली, केस विंचरलेले.

इस्पितळात तिच्या रक्तातली साखर फारच कमी निघाली. साखर चढवली, पण मेंदू फार वेळ साखरेवाचून राहिला होता. ताई शुद्धीवर आली नाही आणि थोड्याच दिवसांत गेली.

“सकाळी काही खाल्लं होतं का यांनी?” तिथल्या डॉक्टरांनी विचारले होते.

“खाल्लं असणार,” भाची म्हणाली. “आई उपाशी घराबाहेर पडत नाही, मलाही पडू देत नाही.”

“मग इतकी खाली कशी गेली?” ते म्हणाले आणि मूत्रपिंडाच्या काही तपासण्या लिहून दिल्या. त्यांतून काही निघाले नाही.

दफनविधीनंतर मी ताईच्या घरी राहिलो. भाचीने गायकवृंदात जाणे बंद केले. ती स्वयंपाकघरात बसून राही आणि मध्येच काहीतरी विचारी. आई कुणाशी खोटं बोलली होती का? बाबांशी तिचं काही होतं का? आजीच्या औषधाच्या वेळा कधी चुकल्या होत्या का? ज्या कामाने तिच्या आईला झिजवले, तेच काम आता तिने हाती घेतले होते.

“मामा, खरं सांग. आईनं काय केलं होतं?”

“काहीही नाही.”

“तुझा विश्वासच नाही, तू तेच म्हणणार. पण मला कारण हवंय. नाहीतर मी प्रभूच्या त्या मेजापाशी पुन्हा कशी जाऊ? आणि ती आता कुठे आहे, तेही...”

भीतीने रक्तातली साखर इतकी उतरत नाही. माझे उत्तर चुकले होते आणि दुसरे माझ्यापाशी नव्हते.

त्याच आठवड्यात काजवाल्या मावशी भेटायला आल्या. कारखान्यात त्या सदऱ्यांना काज करीत, म्हणून सगळे त्यांना तसे म्हणत. चर्चमध्ये त्या ताईच्या शेजारी बसत. ताई कलंडे ती यांच्याच खांद्यावर. त्यांनी भाचीला जवळ घेतले, रडू दिले आणि मग पदराने स्वतःचे डोळे पुसले.

“पोरी, एक सांगते. ती होती तोवर बोलायचं नाही असं ठरलं होतं आमचं,” त्या म्हणाल्या. “तुझे बाबा गेले ना, तेव्हापासून आम्ही दोघी पहिल्या रविवारी उपास धरून मेजापाशी जायचो. आदल्या संध्याकाळपासून पाण्याशिवाय काही नाही. त्या दिवसाचा पहिला घास प्रभूच्या हातचा, असं म्हणायची ती.”

“आई उपाशी असायची?”

“कळू देईल तर ना! प्रभूनं सांगितलंय, उपास करता तर तोंड धुवा, केस विंचरा, लोकांना दाखवू नका. तुलासुद्धा सांगितलं नाही बघ तिनं. मधे भोजन सोडलं होतं तेव्हा खाऊनपिऊन यायची, पण घास गोड लागायचा नाही तिला. या खेपेला तर म्हणाली, इतक्या दिवसांनी जातेय, शनिवारी सकाळपासूनच धरते. एवढी भक्ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. पाळकसाहेबांचीसुद्धा नाही, कुणाला सांगू नका.”

“आणि गोळी?” मी विचारले.

“गोळी घ्यायचीच. औषध म्हणजे काय अन्न आहे? डॉक्टरांनी बजावलं होतं तिला.”

“तुम्ही घेता का कसली गोळी?”

“मला कुठला आलाय आजार! दात सोडले तर सगळं जागच्या जागी आहे, देवाच्या दयेनं.”

मावशींना मी दारापर्यंत पोचवले. दुसऱ्या दिवशी इस्पितळातल्या डॉक्टरांना फोन करून हे सगळे सांगितले आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. मग भाचीला स्वयंपाकघरातच समोर बसवले.

“मावशींना कळता कामा नये,” ऐकून झाल्यावर ती आधी एवढेच म्हणाली. मी कबूल केले. मग ती म्हणाली, “पुन्हा एकदा सांग. हळू सांग.”

मी पुन्हा सांगितले. मधुमेहाची ती गोळी खाण्याबरोबर घ्यायची असते. पोटात अन्न नसले तरी ती रक्तातली साखर खाली ओढतच राहते. ताई वर्षानुवर्षे उपास करीत होती आणि तिला काही झाले नाही, कारण तेव्हा गोळी नव्हती. मावशींनाही काही झाले नाही, कारण त्या गोळी घेत नाहीत. भोजन बंद होते तेव्हा उपासही बंद होता, म्हणून ती पडली नाही. चर्चमध्ये शुद्धीवर येई ती साखरपाण्याने. त्याच साखरपाण्यानंतर रक्त तपासले, म्हणून साखर जास्त दिसली आणि गोळी वाढली. शेवटच्या वेळी उपास अधिक लांबचा होता, गोळी अधिक मोठी होती आणि घरात साखरपाणी द्यायला कुणी नव्हते. उपास गुप्त ठेवायचा असतो, म्हणून तिने तो डॉक्टरांना, तुला किंवा मला सांगितला नाही. ताईचा मृत्यू उपाशीपोटी घेतलेल्या गोळीने झाला.