लावलेला धवला तोडायचा नाय

दुखण्याला मी भीत नाय. दुखणं सांगून येतं. सकाळी उठताना गुडघा कुरकुरतो, पायरी दिसली की बोंब मारतो. मग त्याला तेल चोळा, शेक द्या, दोन शिव्या द्या, की तो गप्प बसतो. संधिवात माझ्याकडं इतकी वर्षं राहतोय की आता तो घरातलाच झालाय.

पण दिवाळीनंतर जे सुरू झालं ते वेगळंच होतं. अंगणात कोंबड्या हाकलत होते. उजवा पाय टाकला आणि गुडघा जागेवर नव्हताच. दुखला नाय, वाजला नाय, नुसता निघून गेला. काळोखात एक पायरी जास्त धरून पाय टाकावा, तसं झालं. दोरीवर वाळत घातलेली साडी हातात आली म्हणून उभी राहिले. कोंबड्या बघत होत्या, दुसरं कोण नव्हतं. मी आपली पदर खोचून आत गेले.

मी धोंडुबाई. पेणच्या खाडीकडच्या गावात आमचं घर. तरणेपणी मिठागरात मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या, पण लोक मला ओळखतात ते धवलारीण म्हणून. आमच्या आगरी लोकांत धवलारणीनं धवले गायल्याशिवाय लग्न लागत नाय. हळदीला वेगळा धवला, पाणी आणायला वेगळा, देव बसवायला वेगळा. धवलारीण एक ओळ गाते आणि मागच्या बाया ती ओळ झेलतात, म्हणजे तशीच्या तशी परत गातात.

मला हे सासूनं शिकवलं. बाई कडक होती. म्हणायची, "लावलेला धवला तोडायचा नाय. मधी इकडचा तिकडचा एक शब्द बोलायचा नाय. खोकला आला तरी सुरात खोक." मात्र नावं गुंफायची मुभा होती. मामा दिसला की मामाचं नाव, आत्या आली की आत्याचं. मुलीच्या आईची तर धवल्यात यथेच्छ मस्करी करायची, ती रीतच हाय. कुणाचं नाव राहिलं तर जेवणाच्या पंगतीपर्यंत रुसवा पुरतो, म्हणून डोळे उघडे ठेवून गायचं.

तर तो गुडघा. पुन्हा एकदा बँकेच्या पायरीवर गेला, एका पोलिसाचा दंड धरला. पोलीस दचकला. मग भरतला, माझ्या मुलाला, नुसतं "फार दुखतंय" म्हणून सांगितलं. त्यानं पेणला डॉक्टरकडं नेलं. फोटो काढले, हाडांची मशीनवर तपासणी केली. डॉक्टर म्हणाला, "आजी, गुडघ्याची झीज तर आहेच, पण हाडंही ठिसूळ झालीत. पडायचं नाही." जसं काय मी हौसेनं पडते!

व्यायाम शिकवायला नमिता नावाची पोरगी होती. तिच्याकडं मी एकटीच मिनीडोर रिक्षानं जायचे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायला लावायची. तिला मात्र मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "गुडघ्याला धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेत, म्हणून तो मधेच साथ सोडतो. असं झालं की घाबरायचं नाही. जागच्या जागी उभं राहायचं, वजन चांगल्या पायावर घ्यायचं आणि हाक मारायची. घरी सांगितलंय ना?"

"सांगितलंय तर," मी म्हटलं. धादांत खोटं.

का नाय सांगितलं? पारीमुळं. पारी माझी शेजारीण आणि माझी झेलकरीण. मी ओळ टाकायची आणि पारीनं पहिली उचलायची, बाकीच्या बाया तिच्या मागून. आमचे दोघींचे आवाज एकत्र पिकले. गेल्या वर्षी ती मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती परत उभी राहिली नाय. मी रोज जायची. एकदा तिच्या सुनेनं विचारलं, आज भाजी कुठली करू, पण विचारलं ते खाटेवरच्या पारीला नाय, मला. पारीनं भिंतीकडं तोंड केलं. पाऊस संपता संपता ती गेली. मला मरणाची भीती वाटत नाय. मला त्या खाटेची भीती वाटते.

आणि त्यातच मनस्वीचं लग्न ठरलं. मनस्वी माझी नात, भरतची एकुलती एक. नवरामुलगा सुजय, रोह्याजवळच्या वरसे गावचा, कंपनीत शिफ्टला जाणारा, शांत. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मनस्वी माझ्या गळ्यात पडली. "आजी, माझा धवला तूच लावायचा. मोबाईलवरून स्पीकरला लावतात तसला मला नको."

"मी मेले तर लाव मोबाईल," मी म्हटलं.

नूतन, माझी सून, तिथंच तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आई, खांब गावाहून माझ्या मावशीला बोलावू का? ती पण धवलारीण हाय. तुमचे पाय हे असे. तुम्ही खुर्चीवर बसा, आशीर्वाद द्या."

माझं डोकं फिरलं. "खुर्चीवर बसायला मी काय पाहुणी हाय गो? माझ्या नातीच्या मांडवात खांबची बाई गाणार? हातपाय मोडले तरी मीच गाणार!"

"तेच म्हणते मी," नूतन म्हणाली. "मोडले तर लग्न बाजूला नि दवाखाना पुढं."

ती पण काय कमी नाय. त्या दिवसापासून आमचं बोलणं भाकरी वाढण्यापुरतं राहिलं. मी दार लावून टॉवेल दाबत बसायची. देवाला एकच सांगितलं, मनस्वीची हळद आणि लग्न एवढं पार पडू दे, या मांडवात मला पाडू नको. पुढचं पुढं बघू.

हळदीच्या दिवशी साडीखाली गुडघ्याला पट्टा बांधला. पाणी आणायला विहिरीवर गेलो. नळ आल्यापासून त्या विहिरीला लग्नातच काय ते लोक भेटतात. जाताना नीट गेले, येतानाही नीट आले. बायांनी धवला छान झेलला, फक्त पारीच्या जागेवर पोकळी होती. तिचा आवाज खालून यायचा आणि माझ्या आवाजाला टेकू द्यायचा. आता माझा आवाज एकटाच पुढं चालत होता.

मांडवात देव बसवायचे होते. मधोमध मेढ रोवलेली, म्हणजे मांडवाचा मानाचा खांब. तिच्यापाशी देवक मांडलेलं. समोर पाटावर भरत आणि नूतन. मुलीचे आईबाप म्हणून भरतच्या उपरण्याची आणि नूतनच्या पदराची गाठ मारलेली. देव बसेपर्यंत पाटावरून उठायचं नाय आणि गाठ सोडायची नाय. मनस्वी बाजूला पिवळीजर्द होऊन बसलेली. मी दोन्ही हातांत ताट धरलं, त्यात पेटता दिवा, आणि धवला लावला. गात गात मेढीभोवती पाच फेरे घालायचे.

पहिला फेरा देवाच्या नावानं झाला, दुसरा मामाच्या. तिसऱ्याला मी मेढीच्या पलीकडं वळले, उजवा पाय टाकला आणि गुडघा गेला.

पट्ट्यातल्या पट्ट्यात गेला मेला. कसं कोण जाणे, मी डाव्या पायावर तोललेली राहिले. उजवा नुसता लटकत होता. मेढ हाताशी होती, पण हात रिकामा कुठं होता? ताट टाकलं तर दिवा जाईल, नातीच्या हळदीला. पाय टाकला तर मी जाईन. बायांची ओळ झेलून संपत आली होती, आता माझी ओळ यायची होती. उभं राहायचं, ते केलं. वजन चांगल्या पायावर, तेही केलं. हाक मारायची. हाक कशी मारू? धवला लागलेला होता. डावा पाय थरथरायला लागला आणि मला पारीची खाट दिसली, भिंतीकडं तोंड केलेली पारी दिसली.

मग मी गायले.

"धवलारणीचे पायातला गो गेलाय जोर,
नूतन सुने ये गो ये, हात माझा धर."

बायांनी ओळ उचलली. झेलण्यात त्या पटाईत, अर्थ मागाहून बघतात. अख्खा मांडव गायला, "नूतन सुने ये गो ये, हात माझा धर." आणि मग हसू फुटलं. त्यांना वाटलं, म्हातारीनं मुलीच्या आईची मस्करी चालवलीय. नूतनही हसली, मान खाली घातली. अगो देवा, माझा जीव जातोय आणि ह्या हसतायत! ताटातला दिवा हलायला लागला. मी पुन्हा गायले, आवाज फाटला तरी सूर सोडला नाय.

"मस्करी नाय गो नूतन बाय, गुडघा माझा गेला,
दिवा पडेल ताटातला गो, ये गो या वेला."

"मस्करी नाय गो नूतन बाय!" बाया आणखी जोरात गायल्या, कोणी तर टाळ्या वाजवल्या. पण नूतननं वर बघितलं. आधी माझ्या तोंडाकडं, मग साडीच्या काठाखाली लटकणाऱ्या पायाकडं. तिचं हसू गेलं आणि ती पाटावरून उठली.

"अगो ए, उठू नको! देव बसले नाय अजून!" तिची चुलत नणंद ओरडली.

नूतननं ऐकलं नाय. गाठ सोडायलाही थांबली नाय. भरत बिचारा उपरण्यासकट फरफटत मागून आला. तिनं माझ्या काखेत हात घातला, आपली कंबर माझ्या कमरेला टेकवली आणि माझं सगळं वजन घेतलं. कानाशी म्हणाली, "कधीपासून?"

धवला चालू होता. मी पुढची ओळ टाकली, आजोळच्या नावाची. आणि माझ्या कानाला लागून नूतननं ती झेलली. तिचा आवाज काही गोड नाय. खरबरीत हाय, आणि तेव्हा तर रडका झाला होता. पण तो खालून आला. बाकीचे फेरे आम्ही तसेच घातले, मी, ती आणि गाठीला बांधलेला माझा मुलगा. नंतर बायांत कोण हसलं नाय. दिवा राहिला.

धवला पुरा झाला तशी मी खुर्चीवर बसले. बसले म्हणजे बसवली. नूतन समोर उकिडवी बसून माझा पट्टा सोडवायला लागली. "कधीपासून, विचारलं मी."

"दिवाळीपासून."

"आणि मला सांगितलं नाय. मी काय परकी हाय?" तिचे डोळे भरलेले होते, पण रागानं.

"खाटेला भ्याले गो," मी म्हटलं. "पारीसारखी मला पण माणसांच्या मोजणीतून काढाल, म्हणून भ्याले."

नूतननं पट्टा गुंडाळून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाली, "पारीमावशी त्या दिवशी दुपारभर मोरीत पडून होती, आई. भिंतीच्या अलीकडं मी भांडी घासत होते. तिनं एक हाक मारली असती तर मी धावले असते. नाय मारली तिनं. का नाय मारली, ते मला अजून कळत नाय."

मला कळत होतं. मी तिचा हात धरून ठेवला. मग मला रडू आलं, पारीसाठी आणि माझ्यासाठीही.

लग्नाला मी खुर्चीवर बसून गायले. आकाश कोसळलं नाय. मनस्वी वरशाला गेली. दोन दिवसांनी तिचा फोन आला की सासरच्या बाया हळदीचा व्हिडिओ बघून विचारतात, "तो सुनेचा हात धरायचा धवला कुठला? आमच्याकडं नाय तो." मी म्हटलं, "सांग त्यांना, तो धवला नाय, माझा गुडघा हाय."

गुडघा काय बरा झालेला नाय, होणारही नाय. हाडांसाठी इंजेक्शन चालू हाय, टॉवेल चालू हाय, आता चौपायी वॉकरही आलाय. नमिताकडं नूतन बरोबर येते आणि माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारते. गुडघा मधेच कधी निसटतोच. फक्त सकाळी खाटेवरून उठताना हाक मारायला मला अजून जड जातं. जन्मभर दुसऱ्याला हाका मारून कामाला लावलं, पण माझ्यासाठी हाक मारायची म्हणजे जीभ रेटत नाय. म्हणून मी हाक मारत नाय, गाते. "नूतन सुने ये गो ये." ती हात पुसत येते.

काल मात्र गायले नाय. आवाजच फुटेना, मनच नव्हतं. खाटेच्या काठावर पाय सोडून नुसती बसले. पारीच्या घराकडची भिंत बघत होते.

थोड्या वेळानं नूतन दारात आली. पीठ लागलेले हात तसेच.

"आज धवला नाय?"

"नाय गो. कंटाळा आला रोज तुला बोलवायचा."

तिथूनच, त्या खरबरीत आवाजात तिनं ओळ टाकली, "उठ गो आये, उजाडलं गो, हात माझा धर."

लावलेला धवला तोडायचा नाय. पारी झेलायची तसा मी तो खालून झेलला, आणि उठले.