भैयाजींचा बैल बसला तेव्हा

"ही शाळा आहे का बुधवारचा बाजार?" चंपतराव गुरुजी दारात येऊन ओरडले, तेव्हा सातवीचा वर्ग पोट धरून हसत होता. हेडमास्तर दिसले की हसू गिळायचं, ही आमच्या शाळेची जुनी रीत. त्या दिवशी ते कोणाच्या गळ्याखाली उतरेना.

शहरातल्या नंदनवनातून रोज स्कूटीनं आमच्या गावाला येणाऱ्या मिनलबाई म्हणाल्या, "सर, काजल गोष्ट सांगून राहिली."

"गोष्टी चावडीवर सांगायच्या. इथं निबंध लिहायचा असते."

"लिहील ना. आधी सांगू तर द्या तिला."

काजल ही आमच्या गल्लीतल्या केशवची पोरगी. बोलायला फटाका, पण वही पुढे आली की दातखीळ. गेल्या वर्षी गुरुजींनी तिचा निबंध चिरका आवाज काढून वर्गात वाचला, पोट्टे हसले, आणि तेव्हापासून पोरगी पेपरावर नाव टाकून कोरा कागद परत द्यायची. चूक गुरुजींचीच होती. हे मी त्यांच्या तोंडावर सांगायला तयार आहे, फक्त माझ्या नातवाचा दाखला तेवढा निघू द्या.

बाईंनी तिला पोळ्याची गोष्ट सांगायला लावली होती. सरपंच भैयाजींचा बैल ऐन तोरणाखाली बसला. वाजंत्री वाजवून थकले, बैल हलेना. भैयाजींनी शेपूट पिळली, तर बैल जागीच राहिला आणि भैयाजी चिखलात आडवे. काजलनं हे बाईंना सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, मग वर्गाला. शेवटी बाई म्हणाल्या, "आता हेच कागदाला सांग." पोरीनं मान वर न करता लिहून काढलं. बाईंना आनंदानं रडू आवरेना.

रडू गुरुजींनाही आलं. स्नेहसंमेलनात हा निबंध वाचायचा होता आणि प्रमुख पाहुणे होते भैयाजी! गुरुजींनी रविवार खर्ची घालून निबंध 'शुद्ध' केला. त्यात बैल डौलानं तोरणाखालून गेला, भैयाजींनी त्याला पुरणपोळी भरवली आणि चिखल औषधालाही उरला नाही.

स्टेजवर काजलच्या हातात हाच कागद दिला. दोन ओळी वाचल्या आणि तिचा आवाज गेला. बाईंच्या मनात आलं, पोरगी आज गप्प झाली तर कायमचीच.

"वाच ना वं पुढं!" गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले.

"कसं वाचू जी? बैल तं बसला होता!"

मांडवात खसखस पिकली. काजलनं कागद खाली केला आणि सरळ सांगायलाच लागली. वाजंत्री, शेपूट, चिखल, सगळं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. गुरुजी घामाघूम होऊन भैयाजींसमोर हात जोडून उभे. "लेकरू आहे साहेब, माफ करा."

भैयाजी उठले आणि माइकपाशी गेले.

"पोरी, तू अर्धंच सांगितलं."

काजलचा चेहरा उतरला.

"मी दोनदा पडलो वं! दुसऱ्यांदा शेणात. पोळ्यापासून सारं गाव माह्या पाठीमागं हासून राहिलं, पन पुरी गोष्ट एकालेही सांगता येत नाई. काहून? घाबरता काय मले?"

काजलनं गुरुजींच्या खिशातला पेन उपसला, तो शुद्ध निबंध पालथा केला आणि स्टेजवरच मांडी घातली.

"हळू सांगा, भैयाजी," ती म्हणाली. "लिहून राहिली मी."