कारण : भाताचा कंटाळा

मी एक जुना राजीनामा आहे. वय वर्षे सोळा. साधा पांढरा कागद, तीन घड्या, वर पांढरे पाकीट. मित्रांनो, राजीनाम्याचे आयुष्य तसे दोन मिनिटांचे असते. लिहिला, दिला, संपला. मी सोळा वर्षे टिकलो यात माझे कर्तृत्व काहीच नाही. ज्याने मला लिहिले त्याने मला दिलेच नाही, एवढेच.

त्याचे नाव प्यो ग्युहो. कोरियातल्या देगू शहराच्या कडेला भात शिजवायचे विजेचे कुकर बनवणारा एक कारखाना आहे, तिथे तो चव विभागात काम करतो. नवा कुकर बाजारात जाण्याआधी त्यात भात शिजवतात आणि ग्युहो तो खातो. दिवसातून सहा वेळा. नुसता भात. किमची नाही, रस्सा नाही, मीठसुद्धा नाही. मग तो चमक, चिकटपणा, दाताखालचा ताठपणा आणि वास यांना गुण देतो आणि चूळ भरतो. कारखान्यातले लोक म्हणतात, "बाकीचे पोट भरायला काम करतात, हा काम करायला पोट भरतो." हा विनोद पहिल्यांदा ऐकला तेव्हा ग्युहो हसला होता. त्यानंतर तो विनोद दर आठवड्याला झाला.

त्याची आई रोज फोनवर आधी हेच विचारते, "भात खाल्लास का रे?" आमच्याकडे सगळ्यांच्याच आया खुशाली अशीच विचारतात. ग्युहो म्हणतो, "हो आई, सहा वेळा." आई म्हणते, "गुणाचं रे माझं लेकरू."

माझा जन्म झाला त्या दिवशी एका कुकरचा भात बिघडला होता. दोष तांदळात की कुकरात हे ठरेना, म्हणून तेव्हाच्या साहेबांनी ग्युहोला एकेचाळीस वाट्या भात खायला लावला. दोष झाकणाच्या रबरात निघाला. तो नुसता बघूनही कळला असता.

संध्याकाळी ग्युहोने झेरॉक्सच्या मशीनमधून एक कोरा कागद उचलला. कंपनी सोडायची ती कंपनीच्याच कागदावर. राजीनाम्यात 'कारण : वैयक्तिक' असे लिहायची रीत आहे. खरे कारण कुणी लिहीत नाही, कारण ते कुणी वाचत नाही. ग्युहोनेही 'वैयक्तिक' लिहिले. पण त्याच्याने राहवले नाही, म्हणून त्याने पुढे कंसात लिहिले, 'भाताचा कंटाळा आला आहे.' तारखेची जागा त्याने कोरी ठेवली. देईन त्या दिवशी घालू, असा विचार. पाकिटावर काही लिहिले नाही. बायकोच्या नजरेस पडले तर उगीच जेवणाच्या वेळी चर्चा झाली असती.

पाकिटे दहाच्या गठ्ठ्याने आणली होती. माझी नऊ भावंडे पैसे घेऊन लग्नांना आणि मयतांना गेली आणि तिथेच राहिली. मी एकटा कोटाच्या आतल्या खिशात, डाव्या बाजूला.

सुरुवातीला मला फार आशा होती. ग्युहो साहेबांच्या दारापर्यंत जायचा, छातीवर हात ठेवायचा, मी श्वास रोखायचो. मग तो दार वाजवून आत जायचा आणि म्हणायचा, "साहेब, सात नंबरच्या कुकरला पाणी थोडं कमी घालायला सांगा." आणि आम्ही बाहेर यायचो. पुढे पुढे तो दारापर्यंतही जाईनासा झाला. तरी रोज सकाळी कारखान्याच्या गेटात शिरताना छातीवर एकदा हात जायचाच.

या काळात माझी विचारपूस करणारे एकच माणूस होते. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीच्या ओकसिम मावशी. कोट धुवायला टाकताना ग्युहो मला काढायला विसरायचा, आणि मावशी मला दोन्ही हातांनी परत करायच्या.

"काय रे बाबा, अजून दिला नाहीस?"

"देतो मावशी. मुलगी शाळेत जायला लागली की."

"ती पाचवीला गेली ना आता?"

"मावशी, ती बाही उसवलीय, तेवढं बघा."

"लाजू नकोस. ह्या गल्लीतल्या चौदा कोटांत आहेत असले. एकाचाही निकाल नाही. तुझा निदान वाचायला तरी बरा आहे. बाकीच्यांचं आपलं वैयक्तिक, वैयक्तिक."

कोट तीन वेळा बदलला. प्रत्येक वेळी मला जुन्या खिशातून नव्या खिशात हलवले गेले. घड्यांवर मी झिजलो. मित्रांनो, मला सांगायला लाज वाटते, पण मी स्वतःला बेरोजगार समजत होतो. ज्या एका कामासाठी जन्म झाला, ते कुणी करू देईना.

या वर्षी वसंतात कारखान्यात चव घेणारे यंत्र आले. यंत्र भात खात नाही. त्याला एक सळई आहे, ती भातात बुडते आणि यंत्र गुण छापते. चूळही भरत नाही. त्याच आठवड्यात वरून हुकूम आला की चव विभागातले एक नाव कमी करायचे, आणि ते या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत कळवायचे. विभागात चार चाखणारे आणि वर नामगुंग साहेब. नाव साहेबांनी द्यायचे होते. साहेब कमी बोलणारे. ते चौघांकडे आळीपाळीने बघायचे आणि चहा प्यायचे. चौघांची झोप उडाली. ग्युहोची मुलगी तेव्हा आठवीत होती. मी दिवसातून वीसदा चाचपला जाऊ लागलो, पण तो हात वेगळा होता. पूर्वी तो मी आहे ना म्हणून बघायचा. आता मी बाहेर तर आलो नाही ना म्हणून बघत होता.

त्यातच, शेवटच्या आठवड्याच्या आदल्या शनिवारी, नामगुंग साहेबांची आई गेली. वय एक्याण्णव. रविवारी दुपारी ग्युहो काळा कोट घालून अंत्यविधीच्या हॉलवर गेला. आतल्या खिशात मी होतो, आणि माझ्या शेजारी मयताला द्यायच्या पैशांचे नवे पाकीट होते. तेही पांढरे, तेही कोरे. आमच्याकडे अशा पाकिटावर आपले नाव तिथेच, मेजापाशी लिहितात आणि ते पेटीत टाकतात. मेजामागे साहेबांचे मेहुणे बसले होते. ग्युहोने खिशात हात घातला, एक पाकीट काढले, मागच्या कोपऱ्यात उभ्या ओळीत नाव लिहिले आणि दोन्ही हातांनी पेटीत सोडले.

ते पाकीट मी होतो.

सोळा वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली, तो असा आला. एका लाकडी पेटीत, शोकाकुल पाकिटांवर मी पडलो, आणि बाजूच्यांना काय बोलावे ते मला सुचेना.

दहा मिनिटांत ग्युहो परत आला. गाडीपाशी गेल्यावर खिशात उरलेले पाकीट त्याला जाड लागले होते.

"अहो, ह्या पेटीची चावी कुणाकडे असते?"

"का हो? जास्त टाकले की कमी?" मेहुण्यांनी विचारले.

"नाही, ते... नाव लिहायचं राहिलं."

"माझ्यासमोर तर लिहिलंत! अक्षर छान आहे तुमचं. जा, जेवून घ्या."

मयताला आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. ग्युहो पेटीजवळच्याच मेजाशी बसला, बहुधा माझ्यावर लक्ष ठेवायला. पुढ्यात तिखट रस्सा आणि भात आला. त्याने भाताचा एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. तो आवाज मी ओळखतो. तो शंभरपैकी तीसचा आवाज आहे. मला वाटले, आज हा माणूस गप्प बसेल, आज त्याची नोकरी पेटीत पडली आहे. पण तो उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला.

"कोण बघतंय भाताचं? वरचा थर कोरडा, खालचा गिच्च. शिजल्यावर वरून पाणी ओतलंत ना?"

"तुम्ही मयताला आलात की तपासणीला?" आतल्या बाईंनी विचारले.

"मयतालाच आलोय. पण म्हातारीच्या शेवटच्या पंगतीला असला भात?"

"एवढं येतंय तर या आत! तो बघा एप्रन. नुसती तोंडाची वाफ नको."

ग्युहो आत गेला. संध्याकाळपर्यंत त्याने चार वेळा भात लावला. लोक दुसऱ्यांदा मागून घेऊ लागले. पेटीची आठवण त्याला झाली की नाही, मला माहीत नाही. संध्याकाळी पेटी उचलून आत नेली तेव्हा तो तांदूळ धूत होता.

मंगळवारी साहेबांच्या घरी पेटी उघडली. साहेबांच्या बाईसाहेब एकेक पाकीट फोडून नावे वाचत होत्या. माझ्यापाशी त्या थांबल्या.

"प्यो ग्युहो. अहो, ह्यात पैसे नाहीत, कागद आहे."

साहेबांनी मला वाचले. माझे वाचन होण्याची ही पहिलीच अधिकृत वेळ.

"कंसात काय लिहिलंय बघितलंत?" असे म्हणून बाईसाहेब हसल्या, मग मयताचे घर आठवून थांबल्या.

"बघितलं," साहेब म्हणाले. त्यांनी पेन काढले, तारखेच्या कोऱ्या जागेवर धरले आणि परत ठेवले. बुधवारीही असेच झाले.

गुरुवारी साहेब कामावर आले आणि त्यांनी ग्युहोला बोलावले. तो आत आला तो हातात जाड पाकीट घेऊनच. दोघांच्या मधे मेजावर दोन पांढरी पाकिटे. काचेबाहेरून हे बघणाऱ्यांनी काय समजायचे ते समजून घेतले.

"साहेब, माफ करा. हे द्यायचं होतं, ते गेलं."

"उद्या मला एक नाव द्यायचंय. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"ह्यावर फक्त तारीख घालायची राहिलीय." साहेबांनी माझ्यावर बोट टेकवले. "अजून आहे कंटाळा?"

ग्युहो खोटे बोलू शकला असता. मी त्याच्याकडे बघत होतो.

"आहे साहेब. पक्का आहे."

"मग?"

"कंटाळा आहे, पण वाईट शिजलेला बघवत नाही. ते यंत्र वरचा थर चाखतं. दोष खाली असतो. हे कुणीतरी खाऊन सांगायला पाहिजे." तो थांबला. "मुलीची फी आहेच, पण ते सगळ्यांचंच असतं, ते तुम्हाला सांगत नाही."

"रविवारी भात तू लावलास म्हणे."

"पहिला फार वाईट होता."

"आईला शेवटची दोन वर्षं आपल्या कुकरचा मऊ भातच जायचा. मऊ भाताचे गुण तूच ठरवलेस ना?"

"हो. सात महिने लागले."

साहेबांनी माझी घडी बोटाने सारखी केली. ग्युहोने खाली बघत विचारले, "साहेब, ते परत मिळेल का?"

"राजीनामा? कशाला?"

"खिशात ते असलं की गेटातून आत येता येतं. वाटतं, अगदीच असह्य झालं तर देऊन टाकू. मग दिवस जातो. ह्या चार दिवसांत दोनदा गेटावरून मागे फिरलो."

साहेबांचा हात आपल्या कोटात गेला. त्यांनी एक पाकीट काढले. ते कधी काळी पांढरे असावे. कोपरे झिजून गोल झाले होते. इतका ज्येष्ठ राजीनामा मी आजवर पाहिलेला नाही.

"सव्वीस वर्षं," साहेब म्हणाले. "आई होती तोवर देता येत नव्हता. ती बाजारात भाजीवालीलासुद्धा सांगायची, माझा मुलगा साहेब आहे. हुकूम एका नावाचा आहे. चाखणाऱ्याचंच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?"

"साहेब, असं कसं? माझ्यापायी तुम्ही..."

"तुझ्यापायी कोण जातंय? माझा कंटाळा सव्वीस वर्षांचा, तुझा सोळाचा. सीनिऑरिटीने माझा नंबर आधी."

त्यांनी आपल्या कागदावर शुक्रवारची तारीख घातली, आणि मला घडी घालून ग्युहोच्या हातात दिले. जाड पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी घेतले आणि मान झुकवली. ग्युहोने त्याहून खाली मान झुकवली, आणि बराच वेळ ती वर केली नाही.

शुक्रवारी तो ज्येष्ठ राजीनामा वरच्या मजल्यावर गेला. मला त्याचा हेवा वाटेल अशी माझी अपेक्षा होती. वाटला नाही. मी तेव्हा गेटातून आत येत होतो, आणि माझ्यावरून एक हात फिरत होता. मित्रांनो, त्या दिवशी मला कळले की मी सोळा वर्षांत एक दिवसही बेकार नव्हतो. सुट्टी मात्र एवढे चारच दिवस मिळाली, तीही मयताची.

तुमच्या घरातल्या कुणाच्या कोटात किंवा पर्समध्ये असे पांढरे पाकीट सापडले, तर घाबरू नका आणि वाचलेत असे सांगूही नका. ते कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका, जिथल्या तिथे ठेवा. आणि ज्याचे ते आहे त्याला संध्याकाळी एकदा विचारा, आज काम कसं झालं. तो म्हणेल, "ठीक." तरी उद्या पुन्हा विचारा.