पहिला उतरणारा

बंबातून जो पहिला खाली उतरतो, तो मार खातो. हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नव्हतं, पण स्टेशनातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आग लागली की लोक फोन करतात, मग वाट पाहतात, वाट पाहता पाहता तापतात. अशा वेळी शेठ सापडत नाही, वायरमन सापडत नाही, देवाचा तर प्रश्नच नाही. खाकी कपड्यातला माणूस मात्र घंटा वाजवत आपल्या पायांनी चालत येतो.

सब-ऑफिसर सुरेश गुप्ते बडोद्याचे, बी.एस्सी. झालेले. त्यांनी या गोष्टीवर नीट विचार केला होता. प्रतिकार केला तर मार वाढतो. पळालं तर दगड येतात. उभ्याने खाल्ला तर साधारण तीन मिनिटांत आटोपतो, आणि तेवढ्यात बाकीच्यांचे पाइप उलगडून होतात. तेव्हा साहेबांनी पाळी लावून दिली होती. एक आग छगनची, एक दुसऱ्या फायरमनची, एक स्वतःची. आपली पाळी साहेब चुकवत नसत. चष्मा काढून खिशात ठेवायचे, खिशाचं बटण लावायचे आणि उतरायचे. या एका गोष्टीसाठी माणसं त्यांना मानत.

पाळीत नाव नव्हतं ते फक्त ड्रायव्हरचं, म्हणजे भटू बोरसेचं. पंप चालतो तो बंबाच्याच इंजिनावर. ड्रायव्हर आडवा झाला तर चार हजार लिटर पाणी टाकीत बसून आग बघत राहणार. अकरा वर्षांत भटूला कुणी बोट लावलं नव्हतं.

"भटूभाई तो जमाई छे," छगन म्हणायचा. "बेठा बेठा आवे, बेठा बेठा जाय."

भटू हसायचा. जावयाने हसायचंच असतं.

सुरतेतल्या प्लेगच्या पुढच्या वर्षीचा मे महिना. शहर झाडून लख्ख झालं होतं, मोठे रस्ते रुंद होत होते, पण ती रुंदी अजून नवागामपर्यंत पोचली नव्हती. दुपारी सव्वा वाजता फोन वाजला. गुप्ते साहेब पत्ता लिहून घेताना मोठ्याने म्हणत गेले, "नवागाम... पाण्याच्या टाकीमागे... लूमची दुमजली शेड... वरचा मजला."

भटूने डब्यातली भाकरी तशीच ठेवली. त्या वरच्या मजल्यावर, बॉबिन भरायच्या मशिनवर, त्याचा धाकटा भाऊ धर्मेंद्र सात ते सातच्या पाळीला असायचा. धर्मेंद्रला धुळ्याकडून सुरतेला आणला भटूने, आणि त्या शेठकडे शब्द टाकला तोही भटूनेच.

"साहेब, मना भाऊ मझार..." त्याच्या तोंडून घरची अहिराणीच निघाली. मग तो सावरला. "माझा भाऊ असतो तिथं. वरती."

"निघाला असेल बाहेर," गुप्ते म्हणाले. "चला."

भटूने बंब असा हाणला की छगनचं डोकं दोनदा टपाला आपटलं. उधन्यापर्यंत सगळं ठीक होतं. पुढे रेल्वेचं फाटक बंद. पलीकडे, घरांच्या पत्र्यांवर, काळा धूर सरळ उभा होता, आणि मधून मालगाडी चालली होती. चालली होती म्हणजे सरकत होती. छगन घंटा बडवत होता. गेटमनने हिरवं निशाण धरून त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू घंटा आपल्या घरच्या पूजेचीच चालली आहे.

भटू डबे मोजत होता. एकोणचाळिसाव्या डब्याला त्याने मोजणं सोडलं.

"आज मारो वारो," छगन घंटेतून म्हणाला. आज पाळी त्याची होती. त्याने घड्याळ काढून सीटखाली ठेवलं.

गुप्ते साहेबांनी धुराकडे पाहिलं, भटूकडे पाहिलं आणि त्यांना एक विचार सुचला. शिकलेल्या माणसाला संकटात विचार सुचतो, ही त्याची खोड असते.

"बोरसे, ही वस्ती तुमचीच ना?"

"हो साहेब. निम्मी गल्ली आमच्याच गावची."

"मग आज आधी तुम्ही उतरा. दोन शब्द त्यांच्या भाषेत बोला. आपल्या माणसावर कोण हात टाकतंय?"

छगनने तोंड खिडकीकडे वळवलं. तो चार भावांच्या एकत्र कुटुंबात राहत होता आणि आपल्या माणसांविषयी त्याचं मत वेगळं होतं. पण पाळी टळत होती. भटूला साहेबांचं म्हणणं पटलं. इतकं पटलं की हे आपल्याला आधीच कसं सुचलं नाही, असं त्याला वाटलं.

फाटक उघडलं तेव्हा दहा मिनिटं गेली होती.

गल्लीच्या तोंडाशीच दोन माणसं पडलेली दिसली. वरच्या खिडकीतून उड्या टाकलेली. एकाचा पाय गुडघ्यातून भलतीकडे वळला होता आणि तो ओरडायचं सोडून त्या पायाकडे नुसता बघत होता. शेडच्या खालच्या शटरमधून ज्वाळा बाहेर येऊन परत आत जात होत्या. मागचं दार शेठने चोरीच्या भीतीने बाहेरून कुलपात ठेवलेलं. वरच्या खिडक्यांना जाळ्या. एकच जाळी उचकटलेली, त्यातूनच हे दोघे आले होते. आत यार्न, म्हणजे कृत्रिम धाग्याचं सूत, जळत होतं, आणि यार्न जळताना वितळतं, थेंब थेंब खाली गळतं, आणि जिथे गळतं तिथे चिकटून जळत राहतं.

भटूने ब्रेक ओढला, इंजिन चालू ठेवलं आणि उतरला.

"भाऊसहोन, वाट द्या. आमले पाणी..."

पहिली कानफटात त्याच्या वाक्याच्या मध्येच बसली.

"कितला येळ लाया रे?" विचारणारा योगेंद्र होता. भटूच्याच गावचा, शेजारच्या ओसरीचा. चार वर्षांपूर्वी याच्या वरातीत भटू बेशुद्ध होईस्तोवर नाचला होता.

"फाटक बंद व्हतं," भटू म्हणाला. ते खरं होतं, आणि अशा वेळी खऱ्यासारखं चीड आणणारं काही नसतं.

"तुना भाऊ मझार शे, आनि तू फाटक सांगस?"

मग सगळे आले. परक्या गल्लीत मार वर्दीला बसतो. मारणाऱ्याला पुढचं काही माहीत नसतं, त्यामुळे त्याला लवकर कंटाळा येतो. इथे भटूचं नाव ठाऊक होतं, बापाचं नाव ठाऊक होतं, त्याने गावात सिमेंटचं घर बांधलं हे ठाऊक होतं, सरकारी नोकरी लागल्यापासून तो कुणाच्या मयताला आला नाही हेही ठाऊक होतं. प्रत्येकाकडे स्वतंत्र कारण होतं. शिवाय परक्याला मारलं की केस होते. घरच्याला मारलं तर ती समजूत असते. शांताबाई म्हणून एक म्हातारी होती, तिने त्याच्या तोंडावर चप्पल मारली आणि तोंडावरच रडली. तिचाही मुलगा वर होता. कुणी पोटात लाथ घातली. कुणी कान धरून डोकं बंबाच्या पत्र्यावर आपटलं, एकदा, दोनदा, आणि पत्रा दर वेळी टाकीतल्या पाण्यासकट दणाणला. योगेंद्रच्या हातात मागाचा लाकडी दांडा होता. तो डोक्यावर येताना दिसला तसा भटूने डावा हात वर केला. मनगट मोडल्याचा आवाज त्याला आधी ऐकू आला आणि दुखलं मागाहून.

तीन मिनिटं झाली. चार झाली. सहा झाली.

एवढ्या वेळात छगन, दुसरा फायरमन आणि साहेबांनी पाइप टाकले, जोडले, नोझल धरून शटरपाशी उभे राहिले. भुवया जळायला लागल्या. पाइप जमिनीला चपटे पडून होते.

"बोरसे, पाणी," गुप्ते साहेब सवयीने ओरडले.

मारणारे थांबले. ड्रायव्हर आपल्या पायांखाली आहे, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. वर काहीतरी मोठं कोसळलं आणि त्यामागून माणसाचा आवाज आला. शब्द नव्हता त्यात.

भटू उठला. तोंडातलं रक्त आणि एक दात थुंकला. केबिनमध्ये चढायला त्याला एकच हात होता, आणि पंप जोडायचा दांडा नेमका डावीकडे होता.

"योगेंद्र," तो म्हणाला, "चढ वर."

योगेंद्रने इकडेतिकडे पाहिलं.

"चढ. क्लच मी दाबस. तू हाऊ दांडा मांगे वढ."

योगेंद्र चढला. हातातला लाकडी दांडा कुठे ठेवावा हे त्याला कळेना, तो त्याने मांडीवर ठेवला. भटूने क्लच दाबला. योगेंद्रने लोखंडी दांडा ओढला, तो अडला. परत ओढला. "धक्का नको देऊ, नुसता वढ," भटू म्हणाला. गिअर बसला, इंजिनाचा सूर खाली उतरला, आणि पाइप गल्लीभर फुगत गेले. भटू उतरून मागच्या बाजूला गेला आणि उजव्या हाताने दाब वाढवला.

छगनने शिडी लावली, कुऱ्हाडीने दुसरी जाळी तोडली आणि पाण्याच्या आडोशाने आत शिरला. पाच माणसं बाहेर आली. तिसरा आणि चौथा मेलेले होते. चौथा शांताबाईचा होता. पाचवा धर्मेंद्र.

त्याला ओल्या कापडाच्या ताक्यावर पालथा घातला. टेरिलिनचा शर्ट पाठीत वितळला होता. कुठे शर्ट संपतो आणि कुठे पाठ सुरू होते ते सांगता येत नव्हतं. डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली होती. श्वास चालू होता, पण लांब लांब.

त्याने डोळे उघडून भटूकडे पाहिलं. "तुना तोंडले काय व्हयनं?"

"काही नही," भटू म्हणाला. "पडनू."

ॲम्ब्युलन्स आली ती त्यानंतर बारा मिनिटांनी. ती मारुती जगदाळेची गाडी आहे हे भटूने लांबूनच ओळखलं. मारुती साताऱ्याकडचा, क्वार्टर्समध्ये भटूच्या समोर राहणारा. त्याआधी तो रांदेरहून एक अडलेली बाळंतीण पोचवून आला होता, पण हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं. सोबतीचा माणूस रजेवर, म्हणून गाडीत तो एकटाच.

गल्ली ॲम्ब्युलन्सकडे वळली. पाण्याने विझलेलं डोकं परत पेटायला असं कितीसं लागतं? शांताबाई मुलाच्या अंगावर पडून होती आणि तिच्या त्या आवाजाला कुणी तरी उत्तर द्यायला हवं होतं. योगेंद्र केबिनमधून उतरला, दांड्यासकट.

भटूने धर्मेंद्रच्या श्वासाकडे पाहिलं. सहा मिनिटं तो श्वास टिकणार नव्हता. आणि मारुतीचा हात मोडला तर ती गाडी चालवणारा इथे दुसरा कुणी नव्हता.

तो सगळ्यांच्या आधी पोचला. त्याने ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं, मारुतीची कॉलर धरून त्याला खाली खेचलं आणि तोंडात मारली.

"कितला येळ लाया रे?" तो ओरडला.

मारुतीने अहिराणी ऐकलेली होती, पण अशी नाही. तो काही बोलणार तेवढ्यात भटूने दुसरी मारली. ओठ फाटला. रक्त हनुवटीवर आलं.

जमाव जागच्या जागी थांबला. यात कुणाला बोलायला जागा नव्हती. भाऊ त्याचा जळालेला. पहिला हक्क त्याचा. आणि तो हक्क असा समोर, रक्त निघेपर्यंत बजावला जात होता, तेव्हा बाकीच्यांचे हात आपोआप खाली आले. मागून कुणी तरी म्हणालंही, "जाऊ दे भटू, सोड. नोकर माणूस शे तो बी."

भटूने तिसरी मारली. मुठीने. मारुती दारावर आपटला आणि खाली बसला.

मग गल्लीनेच भटूला आवरलं. दोघांनी त्याला कमरेला धरलं, चौघांनी ताक्यासकट धर्मेंद्रला उचलून आत ठेवलं. पाय मोडलेला माणूसही आत घातला. योगेंद्रने मारुतीला बखोटीला धरून उठवलं, सीटवर बसवलं, वर त्याची माफी मागितली आणि दार लावून घेतलं. सगळं मिळून एक मिनिट लागलं. मारुतीने बाहीने तोंड पुसलं, गाडी उलटी घेतली आणि गेला.

भटूला सोबत जाता आलं नाही. दुसरा टँकर येत होता आणि पंपाशी माणूस हवा होता. आग विझायला साडेपाच वाजले. तोवर योगेंद्र परत केबिनमध्ये चढून बसला होता, सांगेल तेव्हा दांडा ओढत आणि सोडत. दोघं एकमेकांशी पंपाव्यतिरिक्त काही बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी मारुती हॉस्पिटलमध्ये आला, चिकूंची पिशवी घेऊन. ओठाला दोन टाके होते. धर्मेंद्र पालथा झोपला होता, पाठीवर पांढरं मलम. भटू स्टुलावर, हात प्लास्टरात.

"काय म्हणतात?"

"जगेल म्हणतात. दोन बोटं काढली."

मारुती पलंगाच्या कडेला टेकला. "तुझे गुप्ते साहेब भेटले होते. खूश आहेत तुझ्यावर. म्हणाले, बोरसेंनी युक्ती केली, दोन फटक्यांत जमाव थंड. आता वर अर्ज करणार आहेत, सगळ्या स्टेशनांना अशी पद्धत लागू करावी म्हणून. आपण आपल्यालाच मारायचं. वेळ वाचतो."

"करतील ते."

"दोन फटक्यांत झाला होता थंड," मारुती म्हणाला. "मी बघत होतो ना, भटू. त्यांचे हात खाली आले होते."

भटूने चिकूंची पिशवी उजव्या हाताने स्टुलाखाली सरकवली.

"मग तिसरा कशाला?"

"तिसरा माझा होता," भटू म्हणाला.

मारुतीने जिभेने टाके चाचपले. "लागला," तो म्हणाला. मग धर्मेंद्रच्या पाठीवर एक माशी बसू पाहत होती, ती त्याने हाताने हाकलली, आणि ती परत येईल म्हणून हात तसाच धरून बसून राहिला.