दोन सह्या

माझ्या आईबाबांचा अबोला मी सात वर्षांची असताना सुरू झाला आणि मी अठराची झाले तरी तो ठणठणीत होता. कारण विचारू नका. मावशी म्हणते, बाबांनी चार गिऱ्हाइकांदेखत आईच्या शिवणाला नावं ठेवली. आई म्हणते, मावशीला काय माहीत. बाबा काहीच म्हणत नाहीत, ते काच घासतात.

पुढच्या खोलीत बाबांचं चष्म्यांचं दुकान, मागच्या खोलीत आईचं पडदे शिवायचं मशीन, मध्ये स्वयंपाकघर आणि त्या दोघांच्या मध्ये मी. शेजारचा औषधवाला मला 'टपालखातं' म्हणायचा. "तिला म्हणावं, भाजीत मीठ घातलंय की मिठात भाजी?" असं बाबांनी विचारलं की मी मागे जाऊन सांगायची, "बाबा म्हणतात, मीठ जरा हलक्या हाताने." आई म्हणायची, "त्यांना सांग, खाणावळ समोरच आहे." मी पुढे येऊन सांगायची, "आई म्हणते, उद्या बघून घालते." दोघांच्या तोंडून वाक्य पुरतं बाहेर पडायच्या आत माझ्याकडे ते गोड करून तयार असायचं. कौतुक कुणी केलं नाही. करायचं झालं तरी ते कुणाच्या हाती पाठवणार?

शाळा संपल्यावर मला दगडांचा अभ्यास करायचा होता, भूगर्भशास्त्राचा. मुलीच्या जातीला हे काय सुचलं, असं लोक म्हणत. मला दगड आवडायचे ते एवढ्यासाठी, की ते कुणाला काही सांगायला पाठवत नाहीत. हा विषय शिकवणारं चांगलं कॉलेज एका रात्रीच्या प्रवासावर होतं, वसतिगृहासकट. तिसऱ्या यादीत माझं नाव लागलं. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत संमतीपत्र पाठवायचं आणि त्यावर आई-वडील दोघांच्या सह्या हव्यात. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

सोमवारी बाबा म्हणाले, "तिला विचार. ती हो म्हणाली तर बघू." आई म्हणाली, "त्यांनी सही केली की आण माझ्याकडे." मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. मी दुकानातून मागे आणि मागून दुकानात खेपा घालत होते आणि कागद कोराच होता. नाही असं कुणीच म्हणत नव्हतं. नाही म्हणायचं पाप कुणालाच आपल्या माथी नको होतं.

गुरुवारी जेवणं झाल्यावर मी पहिल्यांदा स्वतःसाठी खोटं बोलले. बाबांना सांगितलं, "आईची हरकत नाही. तुम्ही नीट विचार करूनच ठरवाल म्हणाली." बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. मग मी आईकडे गेले, आणि तिथे मी जरा जास्तच वाहवले. "बाबा म्हणाले, एवढी वर्षं घर तिने ओढलं, पोरीच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचाच."

आईचं मशीन थांबलं. "असं म्हणाले?"

"असंच म्हणाले."

तिने सही केली, डोळे पुसले आणि मशीनवर हात ठेवून बसून राहिली. मला तिची कीव आली, पण कागद हातात होता.

कागद स्कॅन करून पाठवायला धावत चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तिथे लक्षात आलं, सोबत दोघांची ओळखपत्रंही जोडायची आहेत. तशीच मागे फिरले. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला तर आतून आईचा आवाज. आई दुकानात कधी पाऊल टाकत नसे.

"तुम्ही जे म्हणालात ना, ते ऐकून बरं वाटलं," ती म्हणत होती. "म्हटलं, हे आपणच जाऊन सांगावं."

अकरा वर्षांत मी रचलेलं एकही वाक्य इतकं लागू पडलं नव्हतं. पडायचं तर नेमकं आजच पडलं.

"मी काय म्हणालो?" बाबांनी विचारलं.

मग तिने सांगितलं, मग त्यांनी सांगितलं, आणि दोन मिनिटांत माझं पितळ उघडं पडलं. आता माझा उद्धार होणार असं वाटलं, पण तसं काही झालं नाही.

"ही गेली तर," बाबा म्हणाले, "घरात आपण दोघंच."

"मलाही तीच धास्ती आहे," आई म्हणाली.

"इथलं कॉलेजही काही वाईट नाही."

"दहा मिनिटांवर आहे. दुपारी घरी येता येईल तिला."

"मग झालं तर."

संपलं. म्हणजे त्यांना बोलता येत होतं. एकमेकांचं ऐकून घेऊन, अगदी शहाण्या माणसांसारखं बोलता येत होतं. पुढे कधी बोलावं लागू नये म्हणून ती दोघं बोलली होती आणि त्यावर त्यांचं एका झटक्यात जमलं होतं.

मी आत गेले. बाबांनी हात पुढे केला. साडेतीन वाजले होते, ओळखपत्रं उचलून आल्या पावली पळता आलं असतं. पण या घरात कुणी हात पुढे केला की द्यायचं, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं की मी दिला कागद. बाबांनी आपल्या सहीवर काट मारली आणि पेन आईच्या हातात दिलं. तिने आपल्या सहीवर मारली. "तुझ्या भल्यासाठीच आहे," असं मला म्हणून ती मागे निघून गेली. मी काचेच्या कपाटाला टेकून उभी राहिले. दोघांचा इतका राग आला होता की रडूसुद्धा फुटेना.

पाच वाजून गेले. बाबा मघापासून एकच काच घासत होते. ते खाकरले.

"तिला म्हणावं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज आपणहून आलीस, बोललीस, फार बरं वाटलं. येत जा म्हणावं अधूनमधून."

असा निरोप त्यांनी मला कधी दिला नव्हता. त्यात गोड करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. मी स्वयंपाकघर ओलांडून मागे गेले. आई मशीनशी बसली होती, पडदा नुसताच मांडीवर होता. मला बघताच ती अर्धवट उठली.

"काय म्हणाले?"

"चहा ठेव म्हणाले," मी सांगितलं.