मिनलचा शेवटचा ताप

मित्रांनो, बोटभर लांबीचा, काचेचा, पोटात पारा असलेला एक जुना थर्मामीटर म्हणजे मी. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या एका घरात, बुद्धमूर्तीशेजारच्या फळीवर, पारदर्शक डबीत माझं आयुष्य गेलं. माझी एक खोड आहे. चढलेला पारा मी आपणहून खाली उतरवत नाही. कुणीतरी मला हातात धरून झटकावं लागतं. तोवर शेवटचा मोजलेला ताप माझ्यात तसाच राहतो. एवढं लक्षात ठेवा.

ज्या कारखान्यात मी घडलो, तिथली भट्टीची धग तेवढी मला आठवते. सव्वीस वर्षांपूर्वी देवाजींनी मला सीताबर्डीच्या एका औषधाच्या दुकानातून आणलं. तेव्हा ते कळमन्याच्या बाजारात संत्री निवडायच्या कामावर होते. त्यांची धाकटी लेक भावना दीड वर्षाची होती, आणि ताप चढला की तिला झटके यायचे. डोळे वर जायचे, हातपाय ताठ व्हायचे. मी तिच्या काखेत राहून ताप सांगायचो, आणि तिची आई ओल्या फडक्याने तिचं अंग पुसत बसायची. सहाव्या वर्षी झटके आपोआप थांबले. तेव्हापासून घरात त्यांचं नावही कुणी काढलं नाही. पुढे भावनाचं लग्न काटोलला झालं. सासरी कुणालाच काही सांगितलं नाही. तिची आई तर ही गोष्ट मनात ठेवूनच वारली.

मी फळीवर धूळ खात पडलो होतो, पण त्याचं मला दुःख नव्हतं. थर्मामीटर रिकामा बसला, तर घर बरं चाललंय असं समजावं.

मग भावनाच्या मोठ्या भावाला, धम्मानंदला, मुलगी झाली. तिचं नाव मिनल. सहा महिन्यांची असताना तिला ताप आला आणि तापात झटका आला. मी डबीतून पाहिलं आणि माझा पारा थिजला. हे मी आधी पाहिलं होतं! धम्मानंदनेही पाहिलं होतं, आठ वर्षांचा असताना, बहिणीच्या उशाशी उभं राहून. पण तो काही बोलला नाही.

धम्मानंदने नवा डिजिटल थर्मामीटर आणला. तो सारखा पीप पीप करायचा आणि सेल संपला की मुका व्हायचा. मग पुन्हा माझी आठवण व्हायची. मिनलची आई रोशनी हिचा विश्वास माझ्यावरच होता. मिनल मला 'गारगार' म्हणायची. "आई, गारगारले गुदगुल्या होतात का वं?" असं विचारून स्वतःच खुदखुदायची. त्या काखेसारखी जागा मला कुठे मिळाली नाही.

पण मिनलचे झटके भावनासारखे थांबले नाहीत. गोळी सुरू झाली, वाढली, आणि गोळीबरोबर झटकेही वाढत गेले. बोलता येणारे शब्द ती विसरू लागली. मिनल चार वर्षांची झाली, तेव्हा लहान मुलांच्या मिरगीवर जनुकांचा अभ्यास करणाऱ्या कामिनीताई घरी आल्या. त्या सतरंजीवर बसल्या आणि स्पष्टच बोलल्या, "हे संशोधन आहे. मिनलला फायदा होईलच असं वचन मी देत नाही. पण दोष कुठे आहे ते सापडलं, तर डॉक्टरांना योग्य औषध निवडता येईल."

"तिची गोळी बदलली तरी पुष्कळ झालं, ताई," रोशनी म्हणाली.

ताईंनी कागदावर कुटुंबाचा नकाशा काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला झटके, त्याची खूण काळी करायची. मिनलचा गोल काळा झाला. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला कधी झटके? लहानपणी, तापातसुद्धा?"

"नाही जी," देवाजी म्हणाले. "आमच्या घरात कोणालेच नाही."

"नीट आठवा, काका. एका घरात दोघांना असतील, तर तो नमुना आम्ही आधी तपासतो. नाहीतर बरंच थांबावं लागतं."

देवाजींचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांच्या डोळ्यांसमोर काटोल होतं, भावनाचा संसार होता. धम्मानंद सतरंजीचे धागे ओढत राहिला. रोशनी नरखेडहून आलेली सून, तिला बिचारीला काय माहीत? भावनाचा गोल पांढराच राहिला. मी डबीत नुसता तडफडलो.

मिनल, धम्मानंद आणि रोशनी, तिघांचं रक्त घेतलं. मिनल रडली, आणि मग मला कामिनीताईंच्या काखेत खुपसून म्हणाली, "तुले बी ताप आहे का वं ताई?"

पाच महिने गेले. ऑगस्टच्या एका दुपारी मिनल तापली. डिजिटलचा सेल संपला होता. रोशनीने मला लावलं. एकशे चार पॉइंट दोन. तेवढ्यात झटका आला आणि तो थांबेचना. धम्मानंद तिला उचलून पळाला, रोशनी मागे. मी अंथरुणावर तसाच पडलो होतो. संध्याकाळी ते परत आले, तेव्हा दोघांचेही हात रिकामे होते; मिनल गेली होती.

देवाजींनी मला डबीत ठेवलं. झटकलं नाही.

रिपोर्ट नोव्हेंबरात आला. त्या दिवशी भावना माहेरी आली होती, दहा महिन्यांच्या आयुषला घेऊन. कामिनीताई हळू आवाजात सांगत होत्या. एका जनुकात दोष होता, तो धम्मानंदकडून मिनलकडे आला होता. तोच दोष एखाद्यात नुसता दडून राहतो, एखाद्याला तापातल्या झटक्यांवर सोडून देतो, एखाद्याला सोडत नाही. आणि मिनलची गोळी या दोषात झटके वाढवणारी होती.

"हे पहिले कळलं असतं तं?" रोशनीने विचारलं.

"घरात आणखी कुणाला झटके असते, तर हा नमुना आधी तपासला गेला असता. ती वाचलीच असती असं मी नाही सांगू शकत."

भावना आयुषला छातीशी धरून बसली होती. "बाबा," ती एकदम म्हणाली, "परवा याले बी झटका आला. तापात. मी सासरी कोणाले सांगितलं नाही."

देवाजी उठले. त्यांनी मला फळीवरून काढलं. "हा थर्मामीटर मी भावनासाठी आणला होता, ताई," ते म्हणाले. "तिले बी येत होते झटके. मी खोटं बोललो."

रोशनी त्यांच्याकडे वळली. "बाबा, काहून नाही सांगितलं जी? माझी पोरगी होती ना ते!"

 देवाजी लहान मुलासारखे रडले. धम्मानंदने मान वर केली नाही.

"वहिनी, आता बी गरम लागून राहिला हा," भावना घाबरून म्हणाली. देवाजींनी मला झटकायला हात उचलला, तो पाऱ्यावर नजर गेली आणि हात तिथेच थांबला. एकशे चार पॉइंट दोन. तीन महिने मी मिनलचा ताप जपून ठेवला होता.

रोशनीने मला त्यांच्या हातातून घेतलं. उजेडाकडे धरून तिने पाऱ्याची रेघ वाचली. "ताई, पहिले हा आकडा लिहून घ्या," ती म्हणाली. "माझ्या मिनलचा आहे."

कामिनीताईंनी लिहिला. भावनाचा गोल काळा केला. काटोलला काय बोलायचं ते मी स्वतः जाऊन बोलतो, असं देवाजींनी सांगितलं.

मित्रांनो, मी काचेचा आहे, मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. घरातल्या दुखण्याबद्दल कुणी विचारलं, तर लाजेखातर गप्प बसू नका. तुमच्या एका शब्दाची वाट दुसरं कुणी लेकरू पाहत असेल.

मग रोशनीने मला तीनदा झटकलं. मिनलचा ताप उतरला. आणि तिने मला आयुषच्या काखेत ठेवलं.