कालचं अपडेट

ताईच्या ग्रंथपालपदाच्या ऑनलाइन परीक्षेला साडेदहाच्या ठोक्याला प्रवेश बंद होणार होता, आणि पावणेदहाला माझ्या लॅपटॉपवर वाय-फाय नावाची चीजच उरली नव्हती. नेटवर्कची यादी नाही, साधं चिन्हही नाही. आमची खोली तळघरात, तिथे मोबाइलला रेंज येत नाही. परीक्षा बंद खोलीत एकटीनेच द्यायची, त्यामुळे रस्त्यावर जाऊन बसायचीही सोय नव्हती. ताई अडतीस वर्षांची. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी.

"काल तर चालत होतं ना?" तिने विचारलं.

चालत होतं. संध्याकाळी मी अपडेट टाकेपर्यंत झकास चालत होतं. परीक्षा होईपर्यंत लॅपटॉपला हात लावू नकोस, असं तिने मला दोनदा बजावलं होतं. पण माझे हात शिवशिवतात. घरात मला इंजिनियर म्हणतात. आहे मी प्रिंटर दुरुस्त करणारा, पण लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकल्यापासून मला शिंगं फुटली होती.

"वरच्यांचा राउटर गंडला असेल," मी म्हणालो. "दोन मिनिटांत होतंय."

ती बिचारी जिना चढून घरमालकांकडे गेली. त्यांनी राउटर बंद करून पुन्हा चालू केला. ती धापा टाकत खाली आली, तोवर मी कमांडवर कमांड हाणत होतो. वाय-फाय चालवणारा ड्रायव्हर लागत नव्हता, आणि नवा उतरवून घ्यायला इंटरनेटच हवं होतं. पुन्हा वर जाऊन बघू का, असं तिने विचारलं, तर मी हो म्हटलं. खरं सांगायला जीभ रेटेना.

दहा बत्तीसला मला सुचलं, की अपडेटच्या आधीची आवृत्ती अजून मशीनमध्येच असते. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, सुरुवातीच्या यादीतून जुनी आवृत्ती निवडली, आणि वाय-फाय लगेच लागलं. एवढंच काम होतं. परीक्षेचं पान उघडलं, तर प्रवेश बंद झाला होता.

मग मी अपडेटचं कबूल केलं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने ओळखपत्र पर्समध्ये ठेवलं.

"तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी मावशीकडे जाऊन बसले असते. दहा मिनिटांवर तर आहे. तुझ्या दोन मिनिटांच्या भरवशावर मला ती सुचलीच नाही."

मावशीकडे कॉम्प्युटर आहे हे मला पावणेदहालाच आठवलं होतं. ते मात्र मी ताईला अजून सांगितलेलं नाही.